धावत्या मुलांचे गुडघे : पालक आणि प्रशिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शाळेत असताना सहा वर्षं खो-खो खेळले आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं ९ ते १७ वयोगटातली, खो-खो आणि कबड्डी खेळणारी. सोबत आई किंवा वडील असतात, कधी शाळेचे सर. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझी मुलगी उभी राहिली की गुडघ्याला गुडघा लागतो. तिचे पाय वाकडे आहेत का?

आधी तिचं वय सांगा. जन्मतः बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात आणि मग चक्क उलट्या बाजूला जातात. तीन-चार वर्षांच्या मुलांचे गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. अंगणवाडीतल्या मुलांना रांगेत उभं करून पाहिलं तर निम्म्या आया घाबरतील, पण ते वयानुसार बरोबर असतं. सात-आठ वर्षांपर्यंत पाय हळूहळू मोठ्या माणसांसारखे होतात. मोठ्या माणसांचा गुडघासुद्धा अगदी सरळ रेषेत नसतो, तो पाच-सात अंश आतच असतो.

म्हणजे चार वर्षांच्या मुलीसाठी काहीच करायचं नाही. आठ वर्षांनंतर मात्र गुडघे जुळवून उभं केल्यावर दोन घोट्यांमध्ये ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल, एकच पाय वाकडा असेल, वाकडेपणा वाढत चालला असेल किंवा उंची वयाच्या मानाने फार कमी असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता, हेही एक कारण असतं आणि ते रक्ततपासणीत कळतं. हाडातला खरा वाकडेपणा व्यायामाने जात नाही. तो जास्त असेल आणि वाढ अजून बाकी असेल, तर डॉक्टर हाडाच्या एका बाजूची वाढ छोट्या पट्टीने काही काळ थोपवतात आणि पाय वाढता वाढता सरळ होतो. म्हणूनच हे दाखवायला उशीर करू नये. मुलींची वाढ साधारण १४-१५ व्या वर्षी थांबत येते, मुलांची १६-१७ व्या वर्षी.

मग सर जे म्हणतात, ‘पळताना हिचा गुडघा आत पडतो’, ते वेगळं आहे का?

पूर्ण वेगळं, आणि हे पान मुख्यतः त्याबद्दलच आहे. वर सांगितलं ती हाडाची ठेवण झाली. सर सांगतात ती हालचाल आहे. उभी असताना मुलीचे पाय अगदी सरळ दिसतात, पण उडी मारून खाली आली, एका पायावर थांबली किंवा झटकन दिशा बदलली की मांडी आत फिरते, गुडघा अंगठ्याच्याही आत जातो आणि पाऊल आतल्या कडेवर कलंडतं. ही सवय आहे, ताकदीची आणि शिक्षणाची उणीव आहे. ती सुधारते.

घरी कसं पाहायचं?

फोनवर व्हिडिओ काढा, पाय उघडे ठेवून, समोरून, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून. फूटभर उंच पाटावरून किंवा पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि टेकल्या टेकल्या लगेच वर उडी. तीन वेळा. मग एका पायावर उभं राहून अर्धी बैठक, प्रत्येक पायावर पाच. व्हिडिओ हळू करून बघा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का? कंबर एका बाजूला खाली लटकते का? धड एकीकडे झुकतं का? उडी टेकताना धप्प असा आवाज येतो का? शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. चांगली उतरणारी मुलगी मांजरासारखी, आवाज न करता उतरते.

मुलीला आधी ‘गुडघे सांभाळ’ असं सांगू नका. सांगितलं की ती तेवढ्यापुरतं नीट करून दाखवते.

व्हिडिओत गुडघा आत गेला. म्हणजे दुखापत होणारच?

नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या २०५ मुलींची अशीच उडी तपासली होती. पुढे त्यातल्या ९ जणींचा एसीएल तुटला. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य आडवा-तिरपा बंध. त्या नऊ जणींचा गुडघा उडी टेकताना इतरांपेक्षा सुमारे ८ अंश जास्त आत जात होता. ही बातमी जगभर पसरली आणि सगळीकडे मुलींच्या चाचण्या सुरू झाल्या. पण २०१६ मध्ये नॉर्वेतल्या ७०० हून अधिक हँडबॉल आणि फुटबॉल खेळाडूंवरचा अभ्यास आला. त्यात या उडीवरून कोणाचा बंध तुटेल हे ओळखता आलं नाही.

माझं मत यावरून ठाम झालं आहे. चाचणी लावून एखाद्या मुलीवर ‘हिचे गुडघे खराब’ असा शिक्का मारू नका, आणि ‘हिचे चांगले’ म्हणून दुसरीला व्यायामातून सूटही देऊ नका. व्हिडिओ काढायचा तो काय शिकवायचं हे कळावं म्हणून. शिकवायचं सगळ्या संघाला.

गुडघा आत जातो म्हणजे गुडघा कमजोर आहे ना?

बहुतेक वेळा दोष गुडघ्याच्या वर किंवा खाली असतो. गुडघा दरवाजाच्या बिजागरीसारखा, मुख्यतः एकाच दिशेने उघडतो-मिटतो. बिजागरी कुरकुरली तरी आधी चौकट पाहावी लागते. इथे वरची चौकट म्हणजे खुबा. खुब्याच्या बाजूला आणि मागे, कुल्ल्यात, जे स्नायू आहेत ते एका पायावर उभं राहताना कंबर सपाट ठेवतात आणि मांडी आत फिरू देत नाहीत. ते अशक्त असतील, किंवा सशक्त असूनही वेळेवर जागे होत नसतील, तर मांडीचं हाड आत वळतं आणि गुडघा त्याच्या मागे जातो.

खालची चौकट म्हणजे घोटा. घोटा पुढे पुरेसा वाकत नसेल तर शरीर वाट शोधतं. पाऊल आत कलंडतं, नडगी आत फिरते, गुडघाही आत. भिंतीपासून चार बोटं अंतरावर पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. जमत नसेल किंवा दोन पायांत मोठा फरक असेल, तर आधी पोटरी आणि घोटा मोकळा करण्यावर काम करा.

तिसरी गोष्ट मांडीच्या मागच्या शिरांची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची. मांडीचा पुढचा भाग नडगीला पुढे ओढतो, मागचा तिला मागे धरून ठेवतो, आणि एसीएलचंही काम तेच आहे. मागचा भाग दुबळा असेल तर सगळा भार त्या बंधावर येतो. आपल्या मैदानांवर मांडीच्या पुढच्या भागाचा व्यायाम भरपूर होतो, मागच्याचा जवळजवळ होतच नाही.

खो-खोत धोका नेमका कुठे असतो?

खो-खो हा गुडघ्याची खरी परीक्षा घेणारा खेळ आहे. आठ जण पाटीवर उकिडवे बसलेले, एकाआड एक उलट्या तोंडाने. खो मिळाला की मिटलेल्या गुडघ्यातून थेट पूर्ण वेगात उठायचं. उठताना पुढचा पाय तिरपा पडला आणि गुडघा आत गेला, तर तो एका सरावात पन्नास वेळा तसाच जातो. यातून एकदम काही तुटत नाही, पण वाटीभोवती दुखायला लागतं. जिना उतरताना आणि वर्गात खूप वेळ बसून उठताना जास्त.

दुसरी जागा खांब. हाताने खांब धरून शरीर गरकन फिरतं आणि बाहेरचा पाय जमिनीत रुतलेला राहतो. पाऊल अडकलेलं आणि वरचं शरीर फिरलेलं, हीच गुडघ्याला सर्वांत नकोशी स्थिती. तिसरी जागा संरक्षकाची हुलकावणी. डावीकडे जायचं दाखवून उजवीकडे निघताना एका पायावर सगळा वेग थांबवावा लागतो. गुडघा जवळजवळ सरळ, वजन टाचेवर, धड बाहेर झुकलेलं, अशा वेळी बंध तुटतो. कोणी धक्का दिलेला नसतो. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, कोणाचा स्पर्श नसताना होतात.

मातीत पाऊल थोडं सरकतं, मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते. मातीत सराव करणाऱ्या मुलांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरवू नका. निदान काही सत्रं आधी द्या.

‘गुडघा बाहेर ठेव’ असं ओरडून सांगितलं तर जमत नाही का?

नाही. पाऊल टेकल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत बंधावरचा ताण शिगेला पोचतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. त्या क्षणी विचार करून सुधारणा करणं माणसाला शक्य नाही. शरीराला ते आधीच येत असायला हवं, जसं पोहणाऱ्याला श्वास कधी घ्यायचा ते येतं. म्हणून ओरडण्यापेक्षा हळू वेगात, रोज थोडं, बरोबर करून घेणं उपयोगाचं.

हे मुलींनाच जास्त का होतं? मुलीला खेळातून काढावं का?

काढू नका. हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे.

सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींत, वयात आल्यानंतर, एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये दुपटीपेक्षा जास्त दिसतं. बारा-तेरा वर्षांच्या आसपास उंची झपाट्याने वाढते. हाडं लांब होतात, वजन वाढतं, शरीराचा तोल वर सरकतो. मुलांमध्ये याच काळात स्नायूंची ताकद आपोआप मोठी उडी घेते. मुलींमध्ये ती उडी तेवढी येत नाही, म्हणून ताकद व्यायामाने कमवावी लागते. आणि नेमक्या याच वयात आपण मुलींना व्यायामापासून दूर ठेवतो. मुलगे सकाळी तालमीत जातात, मुली थेट मैदानावर येतात आणि पळायला लागतात. शरीररचनेतला फरक आपल्या हातात नाही, सरावातला आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून तो जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे प्रश्न बदलले आहेत. आधी आया विचारायच्या, ‘सोडून देऊ का खेळ?’ आता मुली स्वतः विचारतात, ‘ताई, पाय मजबूत कसे करू?’

आजोबा म्हणतात बैठका मार, सर म्हणतात बैठकांनी गुडघे झिजतात. कोणाचं ऐकू?

आजोबांचं, थोडी दुरुस्ती करून. निरोगी मुलाच्या गुडघ्याला पूर्ण खाली बसणं अपायकारक नाही. आपण उकिडवे बसून वाढलेली माणसं. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका’ हा सल्लाही गरजेपेक्षा जास्त ऐकला जातो. खो-खोच्या पाटीवर बसलेल्या मुलाचा गुडघा बोटांच्या पुढेच असतो. तिथे ताकद हवी असेल तर तिथपर्यंत व्यायाम करावा लागेल.

दुरुस्ती अशी. तालमीतली बैठक चवड्यावर, टाच उचलून, वेगात आणि मोठ्या संख्येने मारतात. तिचा भार मुख्यतः मांडीच्या पुढच्या भागावर आणि वाटीवर येतो. पैलवान त्यासोबत जोर, दोरीचढ, माती खणणं असं बरंच काही करतो. बारा वर्षांच्या मुलाने नुसत्या दोनशे बैठका काढल्या तर मांडी पुढून घट्ट होते आणि वाटी दुखते. त्याऐवजी टाच जमिनीवर, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, तीन आकडे मोजत खाली, एक आकड्यात वर. दहा-दहाच्या तीन फेऱ्या. आकडा मोठा करण्यापेक्षा एका पायावर या, किंवा हातात पाण्याची भरलेली बाटली, मग वाळूची पिशवी घ्या.

वजन उचललं की उंची खुंटते ना?

खुंटत नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची थांबते याला पुरावा नाही. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायावर येतो, त्यापुढे दहा किलोची पिशवी काहीच नाही. सात-आठ वर्षांचं मूल सूचना ऐकून पाळू लागलं की ताकदीचे हलके व्यायाम सुरू करता येतात. एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येतं अशी चढाओढ मात्र लावू नका.

नेमके कोणते व्यायाम? घरी साधन नाही.

साधन लागत नाही. मी ज्या क्रमाने देते तो सांगते.

पहिले तीन आठवडे कुल्ला जागा करायचा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, वर पाच सेकंद धरायची. जमलं की एका पायावर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे नेत उचलायचा. पाय पुढे आला तर चुकीचा स्नायू काम करतो, म्हणून पाठ आणि टाच भिंतीला टेकवून करा. सोबत वर सांगितलेल्या हळू बैठका, पोटरीसाठी पायरीवर टाचा वर-खाली, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं.

मग एका पायावरचे व्यायाम. पायरीवरून एक टाच हळू जमिनीला टेकवून परत वर. हे आरशासमोर, वाटी बोटांच्या रेषेत ठेवून. पुढे पाऊल टाकून खाली बसणं, मागे आणि बाजूलाही. मांडीच्या मागच्या भागासाठी गुडघ्यावर बसा, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं. सुरुवातीला चार वेळाच. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच दुखतात, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी हा करू नका.

उड्या शेवटी. आधी फक्त उतरणं शिकवा. पाटावरून खाली, गुडघे आणि कंबर वाकवून, आवाज न करता, तीन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. मग लांब उडी मारून थांबणं, एका पायावर उतरणं, उडीत पाव फेरी घेणं, आणि शेवटी धावत येऊन दिशा बदलणं. दिशा बदलताना एका मोठ्या पावलाऐवजी तीन छोटी पावलं टाकून वेग कमी करायला शिकवा. खांबावरही तेच करा. पाऊल आधी फिरू दे, मग शरीर.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. हालचालीतला फरक सहा ते आठ आठवड्यांत व्हिडिओत दिसतो. सोडून दिलं तर तो जातोही, म्हणून हंगामभर चालू ठेवावं लागतं.

आमच्याकडे सराव दीड तासाचा. वेगळा वेळ कुठून काढू?

वेगळा काढू नका, वॉर्मअपच बदला. फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे. त्यात धावणं, ताकद, तोल आणि उड्या असे १५ व्यायाम आहेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर एक हंगाम त्याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. मैदानाला पाच फेऱ्या आणि हात-पाय झटकणं यात आपली तशीही पंधरा मिनिटं जातात.

गुडघ्याच्या खाली, नडगीवर टेंगूळ आलंय. हात लावला तरी दुखतं.

दहा ते पंधरा वर्षांच्या, जोरात वाढणाऱ्या आणि खूप उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. ऑसगुड-श्लॅटर असं त्याचं नाव. मांडीचा मोठा स्नायू जिथे नडगीला चिकटतो तिथलं हाड अजून कोवळं असतं आणि ओढ बसून ते दुखतं. खेळ पूर्ण बंद करायची गरज क्वचितच पडते. उड्या आणि पाटीवरचे प्रारंभ निम्म्यावर आणा, दुखल्यावर बर्फ लावा, भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत तीस सेकंद थांबण्याचा व्यायाम करा. वाढ थांबली की दुखणं थांबतं. टेंगूळ राहू शकतं, त्याचा त्रास नसतो.

दुखत असताना खेळू द्यावं का?

शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतचं दुखणं, जे खेळताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जातं, ते चालतं. लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर नाही.

गुडघा दुखतो म्हणतो, पण एक्स-रे चांगला आहे.

खुबा तपासला का? हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं. साधारण १० ते १६ वयाचं मूल, विशेषतः वजन जास्त असलेलं, लंगडतंय, पाऊल बाहेर वळवून चालतंय आणि गुडघा किंवा मांडी दुखते म्हणतंय, तर खुब्याचा एक्स-रे त्याच दिवशी काढा. खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या पट्टीवरून सरकलेला असू शकतो आणि दुखणं खाली गुडघ्यात जाणवतं. त्याला चालवत आणू नका, उचलून आणा. लवकर पकडलं तर शस्त्रक्रियेत स्क्रू घालून ते जागेवर थांबवतात. उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडू शकतो. माझ्याकडे असा एक मुलगा दोन महिने गुडघ्याला मलम लावून आला होता.

नी-कॅप घालू का?

बरं वाटत असेल तर घाला. त्याने ताकद येत नाही आणि बंध तुटायचा थांबत नाही.

खेळताना ‘कट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला. काय करू?

खेळ तिथेच थांबवा. थोड्या वेळाने चालता आलं तरी पुन्हा उतरवू नका. एसीएल तुटलेली मुलंही अनेकदा चालू शकतात. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. मालीश करायला किंवा गुडघा ‘बसवून’ घ्यायला कोणाकडे नेऊ नका. ताज्या सुजेवर रगडल्याने आतला रक्तस्राव वाढतो, आणि हाड मोडलेलं असेल तर आणखी नुकसान होतं. एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पाय टेकवताच येत नसेल तर लगेच.

एसीएलची शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात, आणि नुसते महिने मोजून चालत नाही. एका पायावरची लांब उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तरी यायला हवी. राज्य स्पर्धा सहाव्या महिन्यात आहे म्हणून घाई करणारे पालक मला दरवर्षी भेटतात. कोवळ्या वयात लवकर परतलेल्यांमध्ये बंध पुन्हा तुटण्याचं, किंवा दुसऱ्या पायाचा तुटण्याचं प्रमाण मोठं आहे.

आठवड्यात किती तास खेळलेलं चालेल?

मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास नकोत. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तास पुरे, त्यात शाळेचा, क्लबचा आणि निवड शिबिराचा सराव सगळा धरून. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेचे सर आणि क्लबचे सर एकमेकांशी बोलत नसतील, तर ही बेरीज तुम्हालाच करावी लागेल. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचे तास पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि दुखणं घेऊन माझ्याकडे याल तेव्हा त्या पानाचा फोटो घेऊन या.